घोड्याची खोड

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. माणसाच्या हट्टी सवयीला उद्देशून ती वापरली जाते. परंतु खोड हा शब्द जितका माणसाला लावला गेला आहे, तितकाच तो घोड्यालाही लावला गेला आहे. घोडा विकत घेताना जाणता माणूस त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, भोवरे पाहतो आणि मग मोतद्दाराला हळूच विचारतो, "याला काही खोड आहे का?" एखादा घोडा गव्हाणीची कड दातांत घट्ट धरून घशातून आवाज काढीत हवा गिळतो. एखादा तासन् तास पुढच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत मान झुलवीत राहतो. एखादा आपल्या खोलीत पिंजऱ्यातल्या वाघासारख्या येरझाऱ्या घालतो. शेकडो वर्षे अश्वपालकांनी या साऱ्यांची गणना घोड्याच्या दुर्गुणांत केली. या खोडी घोड्याच्या आहेत की त्याला बांधून ठेवणाऱ्याच्या, हा प्रश्न विचारला जाण्यास मात्र फार काळ लागला. त्या प्रश्नाचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण तो माणसाला थोडा अंतर्मुख करणाराही आहे.

घोडा हा मूळचा मोकळ्या माळाचा प्राणी. आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतील गवताळ प्रदेशातले, आणि इ. स. पूर्व २२०० च्या सुमारापासून ते तेथून झपाट्याने सर्वत्र पसरले, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने काढला आहे. त्या माळावर घोड्याच्या आयुष्याला तीन गोष्टींनी आकार दिला. पहिली म्हणजे कळप. एकटा पडलेला घोडा हा लांडग्याचा घास. म्हणून सोबत ही त्याच्या दृष्टीने चैन नसून जीविताची हमी होती. दुसरी म्हणजे चरणे. घोड्याचे जठर लहान असते आणि त्यात आम्ल अखंड पाझरत असते. त्यामुळे तो दिवसरात्रीतील निम्म्याहून अधिक वेळ थोडेथोडे खात असतो. तिसरी म्हणजे चालणे. चरता चरता पुढे सरकत राहणे हा त्याचा नित्यक्रम. माणसाने घोड्याला दावणीला बांधले, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकदम त्याच्या हातून गेल्या. त्यांच्या बदल्यात त्याला छप्पर मिळाले, वेळेवर चंदी मिळाली आणि लांडग्यापासून संरक्षण मिळाले; परंतु दिवसातले पुष्कळसे तास रिकामे झाले.

या रिकाम्या तासांकडे प्राचीनांचे लक्ष कितपत होते? अश्वशिक्षणावरील जे सर्वांत जुने लेखन आज उपलब्ध आहे, ते इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या सुमाराचे असून हित्ती लोकांच्या हत्तुश या राजधानीच्या अवशेषांत मातीच्या विटांवर कोरलेले सापडले. त्याचा कर्ता मितन्नी देशाचा किक्कुली. घोड्याने किती फेऱ्या धावावे हे सांगताना तो 'ऐकवर्तन्न', 'तेरवर्तन्न', 'पंझवर्तन्न' असे शब्द वापरतो. एक, तीन, पाच ही आपल्या संस्कृत संख्यांची भावंडे इतक्या दूरच्या तबेल्यात भेटावीत, याचे भारतीय वाचकाला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु किक्कुलीचा सारा भर आहे तो धावणे, घाम, स्नान आणि दाणावैरण यांच्या मोजमापावर. रथाला जुंपावयाचा घोडा कसा तयार करावा, एवढीच त्याची चिंता होती.

घोड्याच्या मनाचा विचार ग्रीसमध्ये झेनोफन याने केलेला दिसतो. इ. स. पूर्व चौथ्या शतकातल्या या सेनानीने अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. शिंगराला एकटे असताना भूक, तहान आणि माश्यांचा जाच जाणवावा आणि माणूस जवळ आला की त्याला अन्न, पाणी व सुटका मिळावी, म्हणजे ते माणसाची वाट पाहू लागते, असे तो सांगतो. मोतद्दाराने त्याला गर्दीतून हिंडवावे, नाना तऱ्हेची दृश्ये व आवाज यांची ओळख करून द्यावी, आणि ते बिचकले तर शिक्षा न करता त्या वस्तूत भिण्यासारखे काही नाही हे त्याला समजू द्यावे, असा त्याचा उपदेश आहे. रागाच्या भरात घोड्याशी कधीही व्यवहार करू नये, हे त्याचे वचन तर अश्वविद्येचे आद्यसूत्र म्हणावयास हरकत नाही. घोड्याला एकटेपणा सलतो, ही गोष्ट झेनोफनला पक्की ठाऊक होती. त्याने तिचा उपयोग शिक्षणासाठी केला.

आपल्याकडे या विषयाचे सर्वांत लक्षवेधक वर्णन सापडते ते कौटिलीय अर्थशास्त्रात. मैसूरचे पंडित शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली या ग्रंथाची हस्तलिखित प्रत आली आणि १९०९ साली तो छापून प्रसिद्ध झाला. परंपरा या ग्रंथाला चंद्रगुप्त मौर्याच्या काळात ठेवते. अलीकडचे अनेक संशोधक तो आजच्या स्वरूपात त्यानंतर काही शतकांनी सिद्ध झाला असे मानतात. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत. प्रत्येक घोड्याचे ठाण घोड्याच्या लांबीइतके चौरस असावे, त्याला गुळगुळीत फळ्यांची जमीन व खाण्याची गव्हाण असावी, मलमूत्र वाहून जाण्याची सोय असावी, इतक्या बारकाईने तेथे विचार केलेला आहे. पागेच्या मध्यभागी घोड्यांना लोळण घेण्यासाठी मोकळी जागा राखावी, असेही तेथे म्हटले आहे. घाम गाळून आलेला घोडा जमिनीवर पाठ टाकून चारी पाय आभाळाकडे करतो, तेव्हा त्याला होणारा आनंद ज्याने पाहिला असेल, त्याला या एका तरतुदीचे मोल सांगावयास नको.

त्याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. अशा अश्वशाळेत वानर, मोर, ठिपक्यांचे हरिण, मुंगूस, चकोर, पोपट आणि साळुंकी असावीत, असे कौटिल्य सांगतो. डोळ्यांपुढे हे चित्र आणले की ती पागा न वाटता एखादे लहानसे तपोवनच वाटू लागते. मात्र येथे उतावीळपणे निष्कर्ष काढणे बरे नव्हे. त्याच ग्रंथात राजवाड्याच्या रक्षणाचा विषय निघाला असता मोर, मुंगूस व ठिपक्यांचे हरिण सापांचा नाश करतात, पोपट व साळुंकी सर्पविषाचा संशय येताच ओरडू लागतात आणि विष पाहून चकोराचे डोळे बदलतात, असे सांगितले आहे. तेव्हा ही मंडळी पागेत आली ती मुख्यतः पहारेकरी म्हणून. घोड्याची करमणूक हा त्यामागील हेतू होता, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु हेतू आणि परिणाम या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. ज्या पागेत माकड खांबावरून उड्या मारते, मोर अंगणात फिरतो आणि साळुंकी बडबडते, तेथील घोड्याला कान टवकारण्यास दिवसभर काही ना काही निमित्त मिळत असणारच.

पागेतल्या या माकडाने पुढे मोठा प्रवास केला. पंचतंत्राच्या अखेरच्या तंत्रात राजाच्या पदरी असलेल्या वानरांची कथा आहे. पेटलेला मेंढा अश्वशाळेत शिरतो, घोडे भाजतात, आणि त्यांच्या जखमांवर वैद्य वानरांची चरबी सांगतात. उत्तरेत 'तबेले की बला बंदर के सिर' ही म्हण रूढ झाली; घोड्यांवर येणारी पीडा माकड आपल्या अंगावर घेते, ही त्यामागील समजूत. चीनमधील सोळाव्या शतकातल्या 'पश्चिमेची यात्रा' या प्रसिद्ध कादंबरीत वानरराजाला स्वर्गात जे पहिले पद मिळते, ते दिव्य अश्वांच्या रखवालदाराचे. जपानमध्ये निक्को येथील तोशोगू देवस्थानाच्या पवित्र अश्वशाळेवर सतराव्या शतकात माकडे कोरली गेली ती घोड्यांच्या रक्षणासाठीच. वाईट पाहू नये, ऐकू नये, बोलू नये असे सुचविणारी जगप्रसिद्ध तीन माकडे त्याच पट्टीवर आहेत. इतक्या देशांतील तबेल्यांत एकच सोबती राहिला, याचे कारण लोकांनी पिशाच्चबाधेत आणि रोगराईत शोधले. घोड्याला सोबत हवी असते, हे साधे कारणही त्यात दडलेले असू शकेल, असे कोणी स्पष्ट म्हटले नाही.

खेळाचा विचार माणसाने केला, तो स्वतःच्या खेळाचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांचे वर्णन असून त्यात घोड्यांवर बसून चेंडू खेळण्याचा विनोदही आहे. मणिपुरात हाच प्रकार 'सगोल कांगजेई' या नावाने खेळला जाई, आणि तेथूनच एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आधुनिक पोलो उचलला. या खेळात घोडा मनापासून रंगतो, चेंडूचा रोख ओळखून वळतो, हे खरे. पण चेंडू नेहमी स्वाराच्या काठीचा. खेळ संपला की घोडा पुन्हा आपल्या ठाणावर.

मराठ्यांच्या इतिहासात पागेला केवढे महत्त्व होते, हे निराळे सांगावयास नको. फौजेने पावसाळ्यात छावणीला परतावे आणि दसऱ्याला पुन्हा मोहिमेवर निघावे, अशी शिवकालीन व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत नमूद केली आहे. म्हणजे पावसाचे चार महिने घोडा ठाणावर. १६७३ च्या सुमारास चिपळूण भागातील छावणीतल्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांना शिवाजीमहाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा आणि गवत आताच मन मानेल तसे उधळले तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही आणि घोडी मरू लागतील. ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, अशी कडक समज त्यात आहे. उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज जळून जाईल, इथवर त्या राजाची दृष्टी पोहोचली होती. रयतेच्या दाण्या-भाजीलाही हात लागू नये, ही चिंता आणि घोड्याच्या वैरणीची चिंता एकाच पत्रात शेजारी शेजारी यावी, हे विचार करण्यासारखे आहे. अगाडी-पिछाडीने जखडलेल्या त्या घोड्यांना हिंडणे दुर्मीळ होते. परंतु एका ओळीत बांधलेले असल्यामुळे शेजारच्या घोड्याचा श्वास, वास आणि हुंकार त्यांना सतत मिळत असे, आणि गवताची गंज संपली नाही तर तोंडही चालू राहत असे.

युरोपात पुढे श्रीमंतांच्या आणि शर्यतीच्या घोड्यांसाठी एकेकाला स्वतंत्र बंद खोली देण्याची रीत वाढली. स्वच्छता वाढली, भांडणे व दुखापती टळल्या, दाण्याचा हिशोब नीट राहू लागला. आणि घोडा भिंतीआड एकटा पडला. ब्रिटनचे पशुवैद्य विल्यम यूएट यांच्या १८३१ सालच्या अश्वविषयक ग्रंथात घोड्याच्या दुर्गुणांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. झुलण्याच्या खोडीला इंग्रजीत विणकामावरून नाव पडले आहे. घोड्याची मान मागावरील धोट्यासारखी इकडून तिकडे जाते, म्हणून. या खोडींवरचे उपाय काय होते? गव्हाणीच्या कडेला लोखंडी पत्रा ठोकावा, तीवर कडू औषध फासावे, तोंडाला मुसके बांधावे, गळ्याभोवती घट्ट पट्टा आवळावा. एका घोड्याचे पाहून दुसरा शिकतो, या समजुतीने खोडकर घोड्याला इतरांपासून आणखी दूर नेऊन बांधीत. म्हणजे ज्या एकांताने तो पिडला होता, त्याचीच मात्रा त्याला वाढवून देण्यात येई. १९२६ साली स्वीडनचे गेरहार्ड फोर्सेल यांनी हवा गिळणाऱ्या घोड्याच्या मानेतील स्नायू कापून टाकण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. ज्या स्नायूंनी घोडा ती क्रिया करतो तेच नाहीसे केले, की खोड गेली, असा तो हिशोब. घोड्याला ती क्रिया का करावीशी वाटते, हा प्रश्न मात्र शस्त्राच्या धारेबाहेरच राहिला.

याच काळात शर्यतीच्या तबेल्यांतले अनुभवी लोक, ग्रंथांची वाट न पाहता, निराळीच वाट चोखाळीत होते. तापट घोड्याजवळ बकरी बांधावी, मांजर राहू द्यावे, म्हणजे तो शांत होतो, हे त्यांना ठाऊक होते. अठराव्या शतकातला विख्यात घोडा गोडॉल्फिन अरेबियन आणि त्याची लाडकी मांजर यांची कथा इंग्लंडात अजून सांगतात. अमेरिकेतील 'सीबिस्किट' या घोड्याची हकिकत तर अधिक बोलकी आहे. १९३६ साली तो टॉम स्मिथ या मितभाषी शिक्षकाच्या हाती आला, तेव्हा तो रोडावलेला, चिडखोर आणि खोलीत सतत येरझाऱ्या घालणारा होता. स्मिथने प्रथम त्याच्याजवळ एक बकरी ठेवली. सीबिस्किटने तिला दातांत धरून हलविले आणि दाराबाहेर टाकून दिले. मग स्मिथने पम्पकिन नावाचा एक शांत, पिवळसर घोडा आणला आणि दोन खोल्यांमधली भिंत काढून टाकली. ही जोडी जमली ती कायमची. पुढे एक भटके कुत्रे आणि लांब हातापायांचे एक लहानसे माकडही त्या बिऱ्हाडात सामील झाले. घोड्याच्या येरझाऱ्या थांबल्या, अंग भरले, आणि १ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याने त्या काळचा अजिंक्य मानला गेलेला 'वॉर ॲडमिरल' मागे टाकला. कौटिल्याने पागेत ठेवण्यास सांगितलेला वानर सुमारे दोन हजार वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या तबेल्यात असा पुन्हा प्रकट झाला!

मोतद्दारांच्या या शहाणपणाला शास्त्राची साक्ष मिळाली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९५ साली ब्रिटनमधील शर्यतीच्या घोड्यांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना दिवसाला ६.८ किलोपेक्षा कमी वैरण मिळते, ज्यांच्या खाली गवताच्या काडाचे अंथरूण नसते आणि ज्यांना शेजारच्या घोड्याशी संपर्क साधता येत नाही, अशा घोड्यांत या खोडी अधिक आढळतात, असे तीत दिसून आले. खोड ही घोड्याच्या स्वभावातली वाकडी रेघ नसून त्याच्या राहणीवरची त्याची तक्रार आहे, हे हळूहळू स्पष्ट होत गेले. १९९६ साली एडिंबरोच्या संशोधकांनी एक चेंडू घोड्यांना दिला. तो मुळात डुकरांसाठी तयार झालेला. त्यात दाणे भरलेले असत, आणि नाकाने ढकलला की त्यातून थोडे थोडे दाणे गळत. घोडे तो ढकलीत राहिले आणि खाद्य शोधण्यात अधिक वेळ घालवू लागले; २००१ सालच्या पुढील प्रयोगात खोडी असलेल्या घोड्यांच्या खोडीही त्यामुळे कमी झाल्याचे आढळले. सोमेश्वराच्या काळी स्वाराच्या काठीखाली असलेला चेंडू अखेर घोड्याच्या स्वतःच्या ताब्यात आला तो असा. २००२ साली झुलणाऱ्या घोड्यांच्या खोलीत न फुटणारा आरसा लावून पाहण्यात आला, तेव्हा प्रतिबिंबाच्या सोबतीनेही झुलणे पुष्कळ घटले. भिंतीवरच्या चित्राला सोबती मानून समाधान पावणाऱ्या त्या मुक्या जिवाची सोबतीची भूक केवढी असेल!

आज घोड्याच्या करमणुकीसाठी नाना वस्तू वापरल्या जातात. टणक मोठा चेंडू, छतापासून टांगलेला सलगम, चाटण्यासाठी सैंधवाचा खडा, साल सोलण्यासाठी ओली फांदी, खोलीत निरनिराळ्या ठिकाणी लपविलेली वैरण, या त्यांतल्या काही. त्यांतही विवेक पाहिजेच. ज्या भोकात खूर किंवा जबडा अडकेल, अशी वस्तू घोड्यापुढे ठेवू नये. गवताची जाळी खाली लोंबू देऊ नये. पाय अडकला की घोडा घाबरून स्वतःलाच इजा करून घेतो. खिळे, तारा, सुतळीचे तुकडे आणि चावून तुकडे पडणारे ठिसूळ प्लास्टिक दूर असावे. फांदी देताना झाड ओळखावे. आपल्या अंगणांतून सर्रास फुलणारी कण्हेर घोड्याला प्राणघातक असते. एकच खेळणे रोज समोर राहिले तर त्यातले नावीन्य जाते, म्हणून ते आलटून पालटून द्यावे. परंतु या साऱ्यांहून महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी सोबत, मग पुरेशी वैरण, मग मोकळे हिंडणे, आणि या तिन्ही दिल्यावर जे रिकामे तास उरतील त्यांच्यासाठी खेळणे. हा क्रम उलटा केला, तर खेळणे हे कैद्याच्या कोठडीत टांगलेल्या चित्रासारखे ठरते.

२००८ साली स्वित्झर्लंडने आपल्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांत घोड्याला दुसरा घोडा दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे आणि त्याचा वास मिळाला पाहिजे, असे बंधन घातले. शिवकालीन छावणीत एका दावणीला बांधलेल्या घोड्यांना जे आपोआप मिळत होते, ते आधुनिक माणसाला कायदा करून परत द्यावे लागले. लढाया घोड्यांवरून गेल्या, टांगे गेले, टपालही गेले. माणसाला घोड्याचे काम जसजसे कमी पडू लागले, तसतसे घोड्याचे उभे राहण्याचे तास वाढत गेले. लग्नाच्या वरातीपुरता, सहलीच्या फेरीपुरता किंवा शर्यतीच्या दीड-दोन मिनिटांपुरता ज्याचा उपयोग, त्याचा उरलेला सारा दिवस हा आता अश्वपालनाचा खरा विषय झाला आहे.

दसऱ्याला आजही पुष्कळ ठिकाणी घोड्याला हळदकुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून त्याची पूजा होते. आश्विनात घोड्यांना ओवाळण्याचा विधी कौटिल्यानेही सांगितला आहे. त्या दिवशी ओवाळणाऱ्याने क्षणभर त्याच्या ठाणाकडेही दृष्टी टाकावी. गव्हाणीची कड दातांनी झिजलेली असेल, जमिनीवर येरझाऱ्यांची वाट पडलेली असेल, तर ती घोड्याची खोड म्हणून सोडून देता येणार नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण अशा वेळी पुन्हा तपासून पाहावी लागते. गळ्यातला पट्टा आणि मानेवरचे शस्त्र जे साधू शकले नाही, ते भिंत काढून आणलेल्या एका पिवळ्या घोड्याने साधले होते.